गाणाऱ्याचे नाव कुठे आहे? : संगीत आणि सत्ता या विषयावरील एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

निरनिराळ्या समाजांतील संगीताकडे निव्वळ कला म्हणून न पाहता मालकी, बंदी, ओळख आणि राज्यसत्ता यांच्या संदर्भात पाहायला शिकवणारा बारा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. तो एका विद्यापीठाचा आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार मी त्याच्या चालकांना थेट कळवली आहे आणि या धर्तीच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना ती थोड्याफार फरकाने लागू पडेल असा माझा समज आहे. दर आठवड्याला दोन-तीन व्याख्याने, काही ध्वनिमुद्रणे, वाचनासाठी लेख आणि एक स्वाध्याय अशी त्याची रचना आहे. माझे मत आधीच सांगून टाकते : हा अभ्यासक्रम ऐकवतो तेव्हा उत्तम असतो, सिद्धान्त सांगू लागतो तेव्हा बेताचा होतो, आणि जे इतरांना शिकवतो ते स्वतः पाळताना मात्र ढिलाई करतो.

विषय राजकारणाचा असल्यामुळे सुरुवातीला मोर्चे, घोषणा आणि जप्त झालेल्या तबकड्या असतील अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात समोर आले ते स्वरांतरांचे मोजमाप. अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने १८८५ मध्ये निरनिराळ्या देशांतील स्वरसप्तकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. सप्तकाचे १२०० समान भाग पाडून प्रत्येक भागाला त्याने ‘सेंट’ म्हटले, या मापाने अनेक देशांच्या वाद्यांचे स्वर मोजले, आणि जगातील स्वरसप्तक एकच नाही व ते निसर्गाने घालूनही दिलेले नाही, असा निष्कर्ष काढला. युरोपचे संगीत निसर्गनियमांवर उभे आहे आणि बाकीच्यांचे संगीत त्या वाटेवर कुठेतरी मागे रेंगाळले आहे, असे मानणाऱ्या काळात हे विधान साधे नव्हते. एलिसला स्वतःला सुरांतले बारीक फरक कानाने ओळखता येत नसत आणि त्यासाठी तो आल्फ्रेड हिपकिन्स या जाणकाराच्या कानावर विसंबून असे, ही गोष्ट व्याख्याते जाता जाता सांगून मोकळे होतात. मला ती पुढच्या दोन व्याख्यानांपेक्षा अधिक बोलकी वाटली, कारण आपल्या कानाला जे गोड लागते तेच खरे असे समजण्याची सोय या माणसाला मुळातच नव्हती.

या आठवड्यासोबत दिलेले साधन हा अख्ख्या अभ्यासक्रमातला सर्वांत चांगला भाग आहे. पडद्यावर एक सरकपट्टी दिसते, ती बोटाने पुढे-मागे केली की दोन स्वरांतले अंतर सेंटमध्ये बदलते आणि त्याच वेळी ते ऐकूही येते. जावा बेटावरील गामेलान वाद्यमेळात ‘स्लेन्द्रो’ नावाची पाच स्वरांची रचना असते. तिच्यात लागोपाठच्या दोन स्वरांत सुमारे २४० सेंटांचे अंतर असते, पण हा आकडा ढोबळ आहे, कारण प्रत्येक वाद्यमेळ आपापल्या हिशेबाने लावलेला असतो आणि एका मेळातले वाद्य उचलून दुसऱ्या मेळात बसवता येत नाही. पहिल्या दिवशी पट्टी २०० वरून, म्हणजे हार्मोनियमवरच्या सा-रे एवढ्या अंतरावरून, २४० वर नेली तेव्हा ‘हे बेसूर आहे’ असेच माझ्या मनात आले. तीन दिवस तेच ऐकत राहिल्यावर मी पट्टी पुन्हा २०० वर आणली आणि तेव्हा ते अंतर आखडल्यासारखे, पाय पुरेसा न पडल्यासारखे वाटले. कानाच्या सवयीविषयी पानेच्या पाने वाचूनही जे पटले नसते, ते त्या पट्टीने तीन दिवसांत पटवून दिले.

मोजमापाचा हा धागा पुढे बंदीच्या प्रकरणाशी जोडण्याची एक नामी संधी अभ्यासक्रमाने सोडून दिली आहे. बंदीच्या आठवड्यात उदाहरणे येतात ती सगळी हुकूमशहांची आणि धर्मांधांची. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियम वाजवण्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, तीही तेव्हा अंशतःच उठली, हे उदाहरण तिथे हवे होते. या बंदीमागे कोणी जुलमी राजा नव्हता. परकीय बनावटीच्या या पेटीतील स्वर पक्के बांधलेले असल्यामुळे तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही आणि श्रुतींचे, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, बारकावे दाखवता येत नाहीत, असा आक्षेप घेणाऱ्यांत संगीताचे मर्मज्ञ होते, साहेब होते आणि राष्ट्रवादीही होते. परकी सत्तेच्या काळात सुरू झालेली ही बंदी स्वातंत्र्यानंतरही दोन दशकांहून अधिक काळ चालू राहिली, आणि त्याच काळात मैफलींत साथीला पेटी वाजतच होती. स्वरांतराचे काही सेंट एका वाद्याला देशाच्या प्रसारणातून तीस वर्षे बाहेर ठेवू शकतात, हे पहिल्या आठवड्याचेच तर पुढचे पाऊल झाले असते.

तिसरा आठवडा संग्रहांचा आहे, आणि अभ्यासक्रमाची खरी पकड इथून जाणवू लागते. सप्टेंबर १९०० मध्ये सयामची (आजच्या थायलंडची) एक नाटकमंडळी बर्लिनमध्ये खेळ करण्यासाठी आली असताना मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांनी तिचे वादन मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतले. बर्लिनच्या ध्वनिसंग्रहाची सुरुवात ती. एरिश फोन हॉर्नबोस्टेल यांच्या हाताखाली हा संग्रह वाढत गेला. आई ज्यू असल्याच्या कारणावरून नाझी राजवटीने १९३३ मध्ये त्यांना पदावरून काढले. आज या संग्रहात १६ हजारांहून अधिक नळकांडी आहेत आणि १९९९ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. इथपर्यंतची कहाणी विद्येच्या इतिहासात शोभणारी आहे. त्यानंतरच्या व्याख्यानात पहिल्या महायुद्धातील युद्धकैद्यांची ध्वनिमुद्रणे येतात आणि कहाणीचा रंग पालटतो. १९१५ ते १९१८ या काळात जर्मन अभ्यासकांच्या एका आयोगाने छावण्यांतून फिरून कैद्यांची गाणी आणि बोली ध्वनिमुद्रित केल्या. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथील छावणीत ब्रिटिश फौजेतले भारतीय शिपाई होते. प्रत्येक कैद्यामागे एक छापील तक्ता भरला जाई आणि त्यात नाव, जन्मगाव, धर्म, व्यवसाय, कोणती वाद्ये वाजवता येतात, असे रकाने असत. डिसेंबर १९१६ मध्ये मल सिंग नावाच्या एका शिपायाला भोंग्यासमोर उभे केले गेले. तो जे बोलला त्याचा आशय असा : एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खात असे, तो युरोपच्या लढाईत आला, त्याला जर्मनीने पकडले, त्याला घरी परत जायचे आहे. अभ्यासकांना त्याच्याकडून बोलीचा नमुना हवा होता. त्याने त्या नमुन्यातच आपला अर्ज घातला, आणि तोही प्रथमपुरुषी नव्हे, तर गोष्टीतल्या माणसासारखा.

ही ध्वनिमुद्रणे ऐकवताना व्याख्यात्या बाई विद्यार्थ्यांना पाच प्रश्न लिहून घ्यायला सांगतात : गाणारा कोण आहे, तो कोणासाठी गातो आहे, यंत्र कोणाच्या हातात आहे, मुद्रणावर चिठ्ठी कोणी चिकटवली, आणि पैसे कोणाला मिळाले. प्रश्न नेमके आहेत आणि मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. माझी तक्रार नेमकी इथेच सुरू होते. त्याच आठवड्यातील ध्वनिमुद्रणांची यादी उघडली, तर बहुतेक नोंदींत संग्राहकाचे नाव, वर्ष आणि ठिकाण आहे, पण गाणाऱ्याच्या जागी ‘स्थानिक गायक’ किंवा ‘स्त्रियांचा समूह’ एवढेच शब्द आहेत. काही गायकांची नावे खरोखरच इतिहासात हरवली असतील, हे मी समजू शकते. पण एका नोंदीत तर जोडीला दिलेल्या वाचनाच्या लेखात गायिकेचे नाव छापलेले होते आणि यादीत ते नव्हते. म्हणजे नाव ठाऊक होते. फक्त रकाना भरण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते.

मालकीवरचे पाचवे आणि सहावे आठवडे सलग पाहावेत, कारण दोन्ही मिळून एकच प्रकरण होते. दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा यांनी १९३९ मध्ये आपल्या गायक साथीदारांबरोबर जोहान्सबर्गच्या एका स्टुडिओत ‘म्बूबे’ हे झुलू गाणे ध्वनिमुद्रित केले. म्बूबे म्हणजे सिंह. गाण्याचे हक्क अगदी किरकोळ रकमेत गेले. ती तबकडी अमेरिकेत पोहोचली, तेव्हा तिथल्या गायकांनी झुलू शब्द चुकीचे ऐकले आणि ‘उयिंबूबे’चे ‘विमोवे’ झाले. १९६१ मध्ये इंग्रजी शब्द घालून तेच गाणे जगभर गाजले, १९९४ मध्ये ते सिंहाच्या एका प्रचंड यशस्वी व्यंगचित्रपटात आले, आणि लिंडा मात्र १९६२ मध्येच विपन्नावस्थेत वारले होते. अभ्यासक्रम इथे हळहळ व्यक्त करून थांबत नाही, कायद्याच्या तपशिलात उतरतो, आणि त्याबद्दल त्याची मोकळ्या मनाने प्रशंसा करायला हवी. ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या स्वामित्वहक्क कायद्यात एक तरतूद होती, ती अशी की, लेखक-संगीतकाराने हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत येतात. तो हिशेब १९८७ मध्ये पुरा होत होता. त्या तरतुदीच्या आधारे २००४ मध्ये दावा दाखल झाला आणि २००६ मध्ये लिंडा यांच्या मुलींच्या बाजूने तडजोड झाली. साम्राज्याच्या राजवटीत ज्याचे गाणे गेले, त्याच्या कुटुंबाला साम्राज्याच्याच कायद्यातील एका कलमाने हात द्यावा, यातला विरोधाभास व्याख्याते फार न ताणता दाखवतात.

दुसरे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करणारे वाटले, कारण त्यात कायद्याला पकडण्यासारखे फारसे काही उरत नाही. सॉलोमन बेटांपैकी मलाइता बेटावर अफुनाक्वा नावाच्या एका बएगू स्त्रीने गायलेले अंगाईगीत ह्यूगो झेम्प यांनी १९७० च्या सुमारास ध्वनिमुद्रित केले आणि ते युनेस्कोच्या ध्वनिमालेत प्रसिद्ध झाले. १९९२ मध्ये फ्रान्सच्या ‘डीप फॉरेस्ट’ या जोडीने तिचा आवाज उचलून त्याला यंत्रांचा ठेका जोडला, आणि ते गाणे जाहिरातींपर्यंत पोहोचले. पुढे १९९६ मध्ये नॉर्वेच्या एका नामवंत सॅक्सोफोनवादकाने तीच चाल वाजवली तेव्हा ती मध्य आफ्रिकेतील पिग्मी लोकांचे अंगाईगीत म्हणून नोंदवली गेली. प्रशांत महासागरातले बेट चार वर्षांत आफ्रिकेच्या जंगलात जाऊन बसले. आणि मूळ गाण्याचे शब्द काय? एक अनाथ मूल आपल्या धाकट्या भावाला गप्प करते आहे : रडू नकोस, रडलास तरी तुला कडेवर घ्यायला आता दुसरे कोणी नाही. आधी ठेक्यासह, मग ठेक्याविना आणि शेवटी भाषांतरासह, असे हे गाणे तीनदा ऐकवण्याची कल्पना ज्याने काढली त्याला अध्यापनाची जाण आहे. तिसऱ्या वेळी मी इअरफोन काढून ठेवले.

‘वर्ल्ड म्युझिक’ या नावाची जन्मकथा त्यामानाने लवकर उरकली आहे, आणि ते ठीकच आहे. १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही छोट्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची माणसे जमली. त्यांचा प्रश्न दुकानदाराचा होता : माली, बल्गेरिया आणि पाकिस्तानची गाणी कोणत्या कप्प्यात ठेवायची? त्यांनी कप्प्याला नाव दिले, आणि ते नाव एक संगीतप्रकार असल्यासारखे जगभर रूढ झाले. २०२० मध्ये ग्रॅमी पुरस्कारांनी आपल्या विभागातील ‘वर्ल्ड’ काढून ‘ग्लोबल’ घातले. पाटी बदलली, कप्पा तोच राहिला. व्याख्याते या बदलावर पंधरा मिनिटे बोलतात; माझ्या मते पाच पुरली असती.

राज्यसत्तेवरच्या आठवड्यांत दर्जा वर-खाली होतो. एस्टोनियावरील व्याख्यान उत्कृष्ट आहे. तिथला गायनमहोत्सव १८६९ मध्ये तार्तू येथे सुरू झाला. सोव्हिएत राजवटीने तो बंद न करता आपल्या कह्यात घेतला आणि कार्यक्रमात राजवटीची गुणगाणी सक्तीने घातली. राजधानी टालिनच्या महोत्सव मैदानावर १९६० मध्ये भव्य कमानीचा रंगमंच उभा राहिला, आणि त्याच वर्षी त्या मंचावर गुस्ताव एर्नेसाक्स यांनी चाल दिलेले देशप्रेमाचे एक गीत गायले गेले. लिडिया कोयडुला या एकोणिसाव्या शतकातील कवयित्रीचे ते शब्द पुढे अनधिकृत राष्ट्रगीतासारखे झाले. १९८८ च्या उन्हाळ्यात लोक रात्री-रात्री गात जमले ते याच मैदानावर, आणि ऑगस्ट १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. गाण्यांनी रणगाडे परतवले अशा भाबड्या थाटात ही हकिगत बऱ्याचदा सांगितली जाते. हे व्याख्यान तसे करत नाही. राज्यकर्त्यांनी बांधलेला मंच, त्यांनीच पोसलेली गायकवृंदांची व्यवस्था आणि त्यांनीच लावलेली सामुदायिक तालमींची शिस्त अखेरीस कोणाच्या कामी आली, हा प्रश्न ते विचारते.

चिलीच्या वाट्याला मात्र जेमतेम दहा मिनिटे आली आहेत. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर व्हिक्टर हारा या गायकाची झालेली हत्या सांगून विषय संपवला आहे. त्यानंतर काय झाले ते अधिक सूक्ष्म आहे. केना ही बासरी आणि चारांगो हे लहानसे तंतुवाद्य ही अँडीज पर्वतराजीतली वाद्ये पदच्युत सरकारच्या पाठीराख्यांची खूण मानली जाऊ लागली आणि ती जाहीरपणे वाजवणे धोक्याचे झाले. अशा वेळी ‘बारोको आंदिनो’ नावाच्या वाद्यवृंदाने हीच वाद्ये घेऊन चर्चमध्ये बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवल्या. चाल युरोपची, स्थळ देवाचे. आक्षेप घ्यायचा तर वाद्याच्या लाकडावर घ्यावा लागला असता. शब्दांविना राजकारण कसे होते याचे इतके स्वच्छ उदाहरण हाताशी असताना ते का वगळले, हे मला समजलेले नाही.

‘संगीत म्हणजे काय’ हा प्रश्न दहाव्या आठवड्यात इतक्या उशिरा आणण्यामागे काही विचार असावा, कारण तोपर्यंत उत्तर देण्याची घाई विद्यार्थ्याला राहिलेली नसते. कुराणाचे पठण ऐकणाऱ्या परक्या माणसाला ते गायनच वाटेल, परंतु पठण करणाऱ्यांच्या लेखी ते संगीत नव्हे आणि त्याला तसे म्हणणे अनेकांना आक्षेपार्ह वाटते. दुसऱ्या टोकाला जॉन ब्लॅकिंग यांनी १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील वेंडा समाजात केलेले काम आहे. प्रत्येक माणसाला गाता-वाजवता येतेच, हे त्या समाजात गृहीत धरलेले होते. अमक्याला ‘अंग’ आहे आणि तमक्याला नाही, ही विभागणी आपण किती सहज करतो, याची जाणीव त्या दोन ध्वनिमुद्रणांनी करून दिली.

आता काही व्यावहारिक उणिवा. वाचनाचे लेख जड आहेत आणि त्यांतले निम्मे तरी एकमेकांना उत्तर देण्यासाठीच लिहिलेले वाटतात. नवख्याने प्रत्येक आठवड्याचा पहिला लेख वाचून बाकीचे सोडले तरी बिघडणार नाही. पर्यायी उत्तरांच्या चाचण्या या विषयाला शोभत नाहीत. ‘हे गाणे निषेधाचे आहे का?’ या प्रश्नाला चार गोल देऊन एक रंगवायला सांगणे म्हणजे आदल्या तासाभराच्या शिकवणीवर बोळा फिरवणे आहे. याउलट अंतिम स्वाध्याय फार चांगला आहे. त्यात आपल्या आवडीचे एकच ध्वनिमुद्रण निवडून त्या पाच प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात, आणि ते सहविद्यार्थ्यांनी तपासायचे असते. मला मिळालेल्या तीन अभिप्रायांपैकी दोन ‘छान’ या एका शब्दाचे होते. तिसऱ्याने माझी एक ढोबळ चूक दाखवून दिली.

सर्वांत खटकणारी गोष्ट उपशीर्षकांची. ती यंत्राने तयार केलेली आहेत. व्याख्याते बोलत असतात तोवर त्यांचा प्रत्येक शब्द, अगदी खाकरणेसुद्धा, पडद्याच्या तळाशी उमटते. अफुनाक्वा गाऊ लागली की तिथे कंसात एकच शब्द येतो : ‘संगीत’. एर्नेसाक्सच्या चालीवर हजारो लोक गातात तेव्हाही तोच शब्द, सॉलोमन लिंडा गातात तेव्हाही तोच. शब्द हाच ज्या प्रकरणाचा गाभा आहे, त्या प्रकरणात गाणाऱ्यांचे शब्द तेवढे गाळले जातात, आणि ऐकण्यात अडचण असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती तर कंसातल्या त्या एका शब्दापलीकडे काहीच पडत नाही.

हा अभ्यासक्रम घ्यावा का? संगीत ऐकण्याची आवड असलेल्या, पण त्यामागच्या व्यवहाराचा विचार न केलेल्या माणसाने जरूर घ्यावा. ज्याने या विषयाचे रीतसर शिक्षण घेतले आहे त्याने पहिला, तिसरा, पाचवा आणि सहावा आठवडा पाहून थांबावे. राग, ताल किंवा स्वरलेखन शिकायचे असेल त्याने इकडे फिरकू नये. आठवड्याला पाच तास पुरतील असे माहितीपत्रक म्हणते, पण ध्वनिमुद्रणे मनापासून दोन-दोनदा ऐकायची तर आठ लागतात.

गाणाऱ्यांच्या नावांविषयी आणि उपशीर्षकांविषयी मी चालकांना सविस्तर पत्र लिहिले होते. दहा दिवसांनी आभाराचे दोन ओळींचे उत्तर आले. परवा यादी पुन्हा उघडून पाहिली, तेव्हा ज्या एका नोंदीचा मी नावानिशी उल्लेख केला होता तिथे गायिकेचे नाव आले होते. तिच्या वरच्या आणि खालच्या नोंदींत अजूनही ‘स्थानिक गायक’च आहेत.